गसगसे पायस आणि पोलीस चौकी

बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या बागेत पोलीस चौकी व्हावी म्हणून मल्हाररावांनी दोन वर्षं चपला झिजवल्या. बागेच्या कोपऱ्यात वीस-बावीसची पोरं भरदिवसा गांजा ओढत बसत, आणि नात रक्षिता क्लासहून त्याच वाटेनं घरी येई. ती दारात दिसेपर्यंत म्हाताऱ्याचा जीव थाऱ्यावर नसे. लांबच्या रस्त्यानं ये म्हटलं, तर ती म्हणे, "अज्जा, बाग माझी पण आहे की."

अखेर पोलीस ठाण्याचे इन्स्पेक्टर भीमाचार्य जागा बघायला तयार झाले. माणूस बेळगावकडचा, मराठी बोलणारा, पण कायद्याचा पक्का. फोनवरच म्हणाले, "मल्हाररायरे, रजिस्टरला एक तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे नशा नाही. मग चौकी कशाला?"

तक्रार लिहायला कोण धजणार? पोरं सगळी गल्लीतलीच. उद्या त्यांच्या आयांना तोंड कसं दाखवायचं? म्हणून मल्हाररावांनी साहेबांना जेवू घालायचा बेत केला. रविवारी दुपारी बागेत सतरंज्या अंथरल्या, वर 'इथे नशा करणे गुन्हा आहे' असा मोठा कन्नड फलक बांधला आणि गल्लीतले अकरा ज्येष्ठ गोळा केले. गोजराबाईंनी फोडणीचं चित्रान्न केलं, डाळीची कोसंबरी केली आणि पातेलंभर गसगसे पायस, म्हणजे खसखशीची खीर.

"हे बघा, एकेकच वाटी," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "दुसरी पोटात गेली की माणूस आडवा होतो. सही आधी घ्या, मग वाढा."

"साहेबासमोर हात आखडता घेऊ? आपल्या घराण्याची रीत नाही ती!"

घराण्याची रीत मल्हाररावांना हातात पळी आली की हटकून आठवे.

साध्या कपड्यांत आलेल्या भीमाचार्यांनी "स्वल्प, स्वल्प" म्हणत तीन वाट्या रिचवल्या. साहेबांना सोबत म्हणून मल्हाररावांनी तीन घेतल्या. बाकीचे काय मागे राहतात! मग अर्ज पुढे आला. साहेबांनी पेन धरलं, 'भी' काढला आणि त्यांची मान हळूच छातीवर टेकली. साहेब जागे होईस्तोवर जरा पाठ टेकू, म्हणून मल्हाररावही लवंडले. दहा मिनिटांत तेराच्या तेरा माणसं फलकाखाली घोरत होती.

साडेतीनला कोपऱ्यातली पोरं आली आणि जागीच थबकली.

"अय्यो! अज्जा! उठा की!" गॅरेजवाल्याच्या रोशननं मल्हाररावांना गदागदा हलवलं. ते "आणखी एक वाटी" असं पुटपुटून कुशीवर वळले.

"काय घेतलंय रे यांनी?"

"काय की! आपल्यातलं नाही हे. काहीतरी लईच भारी दिसतंय."

पोरं चांगलीच टरकली. एखादा म्हातारा गचकला तर नाव त्यांचंच येणार होतं. रोशननं पोलिसांना फोन लावला. "सर, बागेत तेरा माणसं बेशुद्ध! नशा केलीय, सर. हो, दिवसाढवळ्या! इथे रोजच चालतं असलं."

गाडी आली. शिपायानं एकाला कॉलर धरून उठवलं, तोंड बघितलं आणि घाबरून तिथल्या तिथे सलाम ठोकला. पण तक्रार रजिस्टरला चढली होती. आणि एकदा चढलेली तक्रार खोडायची नाही, हे ठाण्यात सगळ्यांना भीमाचार्यांनीच शिकवलं होतं.

गल्ली पोट धरधरून हसली. आठवडाभर मल्हारराव घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी पत्र आलं: सार्वजनिक जागी तेरा इसमांनी नशा केल्याची गंभीर तक्रार पाहता बागेत चौकी मंजूर.

"मिळाली ना?" गोजराबाई म्हणाल्या. "माझ्या पायसानं मिळाली. तुमच्या चपलांनी नाही."

चौकी झाली, कोपरा रिकामा झाला. पहिल्याच दिवशी मल्हारराव ऐटीत आत शिरले. शिपायानं नाव विचारलं आणि त्या तेरा इसमांच्या यादीवर बोट फिरवलं. "सरी, बरोबर आहे, अज्जा. पहिलं नाव तुमचंच. महिनाभर रोज सहाला हजेरी द्यायची."

तेव्हापासून मल्हारराव रोज सहाला चौकीच्या बाकावर बसतात. क्लास सुटला की रक्षिता बागेतून येते, शिपायाच्या वहीत ताबा घेतल्याची सही करते आणि अज्जाला सांभाळून घरी नेते.