दोन बिंदूंचा फ्रॉक

आमच्या कारखान्यातले इंगळेसाहेब दर दिवाळीला आपल्या मुलीसाठी फ्रॉक शिवून घेत आणि त्याचं माप बीजगणितातून काढत. मुलगी भुसावळला आजोळी, साहेब फरीदाबादला. पाच वर्षांत भेट नव्हती.

शिंपी म्हणायचा, “बच्ची को ले आइए साहब, नाप ले लूँ.”

“नाप मैं लाया हूँ,” म्हणत साहेब खिशातून कागद काढायचे. त्यावर सरळ रेषेचं समीकरण. शिंपी कागद उलटा धरून मान डोलवायचा.

साहेब इन्स्पेक्शनला होते. “दोन बिंदू दे, रेषा घे,” हे त्यांचं पालुपद. कारखान्यामागच्या गव्हाच्या शेतांत तेव्हा नवे सेक्टर आखत होते. चुन्याच्या रेघा दिसल्या की साहेब डबा खायचा सोडून तिकडे बघत उभे राहायचे. स्वतःचं टक्कल कधी पुरं होणार तेही त्यांनी रेषेवर काढलं होतं. केसांनी मात्र गणिताची वाट न बघता चार वर्षं आधीच निरोप घेतला.

वहिनींना दिल्लीकडची थंडी सोसली नाही म्हणून त्या माहेरी गेल्या, असं साहेब सांगत. थंडी दर वर्षी जायची. वहिनी यायच्या नाहीत. “तुम्ही का जात नाही?” असं कुणी विचारलं तर म्हणत, “बोलावलं की जाईन.” त्यांच्या रजा तशाच पडून असायच्या.

मी चाळीसगावकडचा, नववीत शाळा सुटलेला. पर्मनंट व्हायला दहावी हवी होती आणि गणिताचं नाव काढलं की माझे तळहात ओले व्हायचे. मराठी बोलतो एवढ्या ओळखीवर साहेब म्हणाले, “संध्याकाळी खोलीवर येत जा.”

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाराच्या चौकटीपुढे उभं केलं. तिथे मुलीच्या उंचीच्या, पेन्सिलीने केलेल्या दोन खुणा होत्या. चौथ्या वर्षी शंभर सेंटीमीटर, सहाव्या वर्षी एकशे बारा.

“दोन वर्षांत बारा. वर्षाला किती?”

“सहा.”

“हा झाला चढ. आता मागे जा. शून्याव्या वर्षी किती?”

मी बोटं मोजत हिशेब केला. “शहात्तर.”

“शाब्बास. वाय बरोबर सहा एक्स अधिक शहात्तर. झालं समीकरण. आता वय घाल, उंची घे.”

“साहेब,” मी भीतभीत म्हणालो, “म्हणजे ताई जन्मली तेव्हाच अडीच फुटांची होती?”

साहेबांनी खालच्या खुणेवर बोट ठेवलं. “जन्मली तेव्हा मी इथे ड्यूटीवर होतो,” ते म्हणाले. “नक्की सांगता येणार नाही.”

पुन्हा मी तो प्रश्न काढला नाही. परीक्षेत सरळ रेषा आली आणि मी सुटलो. आज नोकरी आहे ती त्या चौकटीमुळे.

त्या दिवाळीला मी गावी निघालो तेव्हा साहेबांनी सुतळीने बांधलेलं पुडकं हातात दिलं. एरवी ते पोस्टाने जायचं. “अकरा सक सहासष्ट, अधिक शहात्तर, एकशे बेचाळीस. भुसावळला उतर. फक्त बसतो का ते बघ.”

रेल्वेत मी पुडकं उशाला घेऊन झोपलोच नाही. हरवलं तर, फ्रॉक बसला नाही तर, परत जाऊन काय सांगू?

नाहीच बसला. पोरीच्या गुडघ्याखाली लोंबला.

“दर वर्षी मोठाच येतो,” वहिनी म्हणाल्या. “मी खालून दुमडून टीप घालते आणि वाढली की उसवते.” बोलण्यात राग नव्हता.

पोरगी हसत होती. “बाबांना मी केवढी वाटते!”

मी पुडक्याची सुतळी घेतली, तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि टाचेपासून मोजून डोक्याशी गाठ मारली.

परत आल्यावर ती सुतळी साहेबांनी चौकटीला लावली. गाठ एकशे छत्तीसवर आली.

“चपला काढल्या होत्या ना तिने?”

“हो.”

“ताठ उभी होती?”

“हो साहेब. पण हसत होती.”

“मग एखादा सेंटीमीटर कमी भरला असेल.” त्यांनी पेन्सिलीने तिसरी खूण केली. मग खिशातला कागद काढला, वाचला आणि हळूच फाडला. “तीन बिंदू एका रेषेत नाहीत. आता इथे बसून माप निघायचं नाही.”

सुतळीची गुंडाळी करून ती खिशात ठेवत ते खुर्चीवर बसले. मग रजेचा कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “तू लिही. मी सांगतो.”

नाव, विभाग, दिवस लिहून झाले. “कारण काय लिहू, साहेब?”

“लिही,” ते म्हणाले, “फ्रॉकचं माप.”