श्रीरंगला गाडीत बसवण्याबाबत

आमच्या वाचनालयाच्या नियम सातप्रमाणे, कादंबरीतली पात्रं नुसतीच पीत बसली तर वाचकाला आत शिरून त्यांना उठवता येतं. अर्ज मात्र दोन प्रतींत लागतो.

मी बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. गाडी लागली तरी बाकावर बसून राहणारा माणूस मला बघवत नाही. आणि ही म्हणे अजरामर कादंबरी! तीन दोस्त पहिल्या पानापासून गुत्त्यात. नवव्या पानावर श्रीरंग म्हणतो, "उद्या आईकडे जातो." एकशे ऐंशीव्या पानावरही उद्याच! तिकडे म्हातारी प्रत्येक गाडीच्या आवाजाला दारात येते. माझा जीव तिच्यात अडकला होता.

ग्रंथपाल देवस्थळींनी अर्ज वाचला.

"भोईटेबाई, तिघांनाही उठवणार?"

"एकालाच. बाकीच्यांची वाट बघणारं कुणी नाही."

"बरं. लेखकाच्या विशेषणांना हात लावू नका," म्हणत त्यांनी शिक्का मारला.

मी आत गेले. वास असा की नाकाला पदरच लावला. श्रीरंग ग्लासात बघत होता.

"ऊठ रे मेल्या, सव्वादहाची लागलीय."

"मावशी, जगण्याला काही अर्थच नाही."

"नसू दे. खिडकीची जागा आहे."

त्याचा एक दोस्त कुरकुरला, "हा गेला तर कादंबरीचं काय?"

"एकशे ऐंशी पानं बसलाय, काय दिवे लावलेत?"

श्रीरंगला रडूच कोसळलं. "सहा वर्षं झाली हो. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. धुऊन घे फक्त."

तो तोंड धुऊन आला. मी त्याला खिडकीशी बसवला, दार ओढलं आणि डबल बेल दिली. कादंबरीत ड्रायव्हर कुठेच नव्हता, तरी गाडी वेळेवर सुटली.

पुस्तक परत केलं तेव्हा देवस्थळींनी पान न् पान तपासलं. एकशे एक्याऐंशीव्या पानावर एवढंच होतं: आईनं आधी कानफटात ठेवून दिली, मग भाकरी वाढली. पुढची दीडशे पानं कोरी.

"हे नियमात बसतं ना हो?" मी धास्तावून विचारलं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, चष्मा पुसला आणि रजिस्टरात शेरा लिहिला: 'पात्र घरी पोचलं. पुस्तक सुस्थितीत.'