डोंगरेकाकांची अर्धी भिंत

आमच्या रायपुरच्या चौबे कॉलोनीतले डोंगरेकाका कॉम्प्युटरच्या पडद्यावर गवंड्याची पाणसळ टेकवून बसतात. पडद्यावर एक घर असतं. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला नाही, की काका टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारतात. "काम सीधं पाहिजे, भाऊ," हे त्यांचं पालुपद.

काका सरकारी ओव्हरसियर होते. नवा रायपुरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. काकू वारल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही. नात मिठी बंगलोरला. फोनवर "कैसे हो आबा? मैं ठीक हूँ," की संपलं. मग तिनेच आपल्या वर्गाच्या बाईंना विचारून आबांना शाळेच्या ऑनलाइन गटात घेतलं. तिथं गावोगावची मुलं मिळून पडद्यावर एक गाव बांधतात. एकाचा पूल कोसळला की दुसरा टेकू कुठे द्यायचा ते दाखवतो, तिसरी त्यातच काही बदलून पाहते. असं चुकत, भांडत शिकणं चाललेलं असतं.

"इथला साहेब कोण?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आबा, यहाँ कोई साहब नहीं. सब मिलके बनाते हैं."

हे काही काकांच्या पचनी पडलं नाही. मिठीनं हौसेनं बांधलेलं घर त्यांना वाकडं दिसलं. खात्यातल्या सवयीनं त्यांनी ते न विचारता पाडलं आणि सरळ, नेटकं उभं करून दिलं. तेव्हापासून मिठी गटात येईना, फोनही घेईना. काका अर्ध्या जेवणावरून उठू लागले. मला त्यांच्या त्या पाणसळीचाच राग आला.

परवा गेलो तर पडद्यावर काकूंचं स्वयंपाकघर! ओटा, मांडणी, सगळं जागच्या जागी. एक भिंत मात्र अर्धीच. आणि हा माणूस जन्मात काम अर्धवट न सोडणारा.

"काका, ही काहून सोडली?"

"मीच पुरी केली, तर पोट्टी येईल काहून?"



आज सकाळी काकांनी कुंपणावरून हाक मारली. जाऊन पाहिलं. काकांनी हात न लावता भिंत पुरी झाली होती आणि तिच्यात एक खिडकी होती, चांगलीच तिरपी. मी सवयीनं पाणसळ शोधली. काकांनी ती खणात टाकली होती.

"हवा येऊन राहिली ना, बस," ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.