सालदार वकीलबाई

वकील अक्का दुकानात आल्या की बसायच्या आधी भिंतीवरची तार काढून हातात घ्यायच्या. त्या काळी प्रत्येक दुकानात अशी एक वाकवलेली तार टांगलेली असायची. बिल आलं, पावती आली, सरकारी कागद आला, की तारेत खुपसायचा आणि विसरून जायचं. अक्का ती अख्खी तार स्टुलावर उलटी करायच्या आणि खालच्या कागदापासून वाचायला लागायच्या. सगळं वाचायच्या. पत्र्याचं बिल, भाड्याची पावती, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. एकदा त्यांनी भज्यांचा कागदही उलगडून वाचला आणि नेहमीसारखं अहिराणी मिसळून म्हणाल्या, "सुभाष, हा कुणाच्या तरी खरेदीखताचा कागद शे. भजीवाल्याकडे कसा आला?" आणि भजी तशीच टाकून त्या भजीवाल्याकडे गेल्या.

धुळ्यात साक्री रोडला माझं कूलर बनवायचं शेड होतं. भाड्याचं शेड, दोन कारागीर, एक वेल्डिंग मशीन. बायकोचं नाव सुमन, म्हणून 'सुमन कूलर'. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागली की रस्ते ओस पडायचे, तो काळ. वकील म्हणजे कोर्टाच्या आवारात झाडाखाली उभी असणारी माणसं आणि त्यांच्याकडे जायची वेळ आपल्यावर न येवो, एवढंच मला ठाऊक होतं.

अक्का पहिल्यांदा आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात पुरुषी चपला, काळा कोट लुनाच्या हँडलला गुंडाळलेला. कूलर घेतला आणि मी पुढे केलेलं गॅरंटी कार्ड उभ्या उभ्या वाचलं.

"यात लिहिलंय, काहीही बिघडलं तरी बदलून देऊ. हे कुणी लिहिलं?"

"मीच. छान वाटतं म्हणून."

"उद्या कुणी कूलर गच्चीवरून खाली टाकला तर?"

त्यांनी माझंच पेन घेतलं, माझंच कार्ड नीट करून दिलं आणि म्हणाल्या, "आखाजीपासून मी तुझी सालदार."

आमच्याकडे शेतावर वर्षभरासाठी जो गडी ठेवतात तो सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरतं ते पुढच्या आखाजीपर्यंत. मग नांगरणी असो, राखण असो, काम किती तास चाललं हे कुणी मोजत नाही. अक्कांनी वकिली तशीच मांडली होती. लहान दुकानदार, पिठाची चक्की, सायकलवाला, छापखाना, असे साठेक मालक. वर्षाची फी एकदाच ठरायची आणि तीही दुकानात दिवसभर बसून, धंदा बघून. माझ्याकडे बसल्या त्या दिवशी त्यांनी शेवटी सांगितलेला आकडा मला वाटला होता त्याच्या निम्मा होता. वर दोन अटी. कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो त्यांना दाखवायचा. आणि काही विचारायचं तर लाजायचं नाही, सतरा वेळा यायचं.

कोर्टात बाकीचे वकील तारखेची फी घ्यायचे. तारीख पडली की पैसे. बाररूममध्ये अक्कांना 'सालदारीण' म्हणून हसत. त्यांनी ते नाव उचललंच. नव्या न्यायाधीशांना ओळख करून देताना सरळ सांगायच्या, "मी इथली सालदार."

एक बुजुर्ग वकील माझ्याकडे कूलर न्यायला आले तेव्हा मला समजावून गेले. "अहो, तारखेचे पैसे नसतील तर वकील तारखेला येईलच कशाला?"

मी हे अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतात. म्हणून तर तारीख पडूच द्यायची नाही."

पहिलं साल संपलं. आखाजीच्या आधी मी मनाशी हिशोब मांडला, की अक्का वर्षात पंधरा-वीस वेळा आल्या, चहा पिऊन गेल्या, पण आपली एकही केस नाही, एकही नोटीस नाही. हे पैसे वाया गेले. धीर करून बोललो.

"अक्का, यंदा तुमचं काम काही पडलंच नाही."

"नाहीच पडलं."

"मग पुढच्या साली..."

"तारेवर वीज मंडळाचा कागद होता ना, तो कुठे गेला?"

मला आठवेना.

"तुझं मीटर घरगुती लावलं होतं त्यांनी. मी अर्ज करून बदलून घेतलं, नाहीतर तपासणीत दंड बसला असता. आणि भाड्याच्या पावतीवर शेडमालकाची सही नसायची, ती आठ महिने मी त्याच्या ओसरीवर बसून घेतली. आणि तुझा तो पत्र्याचा व्यापारी बिलाखाली बारीक अक्षरात काय छापतो ते वाचलंस? नाही ना? मी वाचलं. आता छापत नाही."

मी दुसऱ्या सालाचे पैसे मुकाट्यानं दिले.

खरी वेळ आली ती त्याच साली. जळगावचे एक मोठे विजेच्या सामानाचे व्यापारी, शेटजी म्हणू, त्यांचा माणूस शेडवर आला. कूलर पाहिले, दाबून पाहिले, पाणी सोडून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही बनवाल तेवढे शेटजी घेतील. फक्त वर नाव त्यांचं." बनवाल तेवढे! मी रात्रीत मनातल्या मनात दोन शेडं बांधून आणि एक टेम्पो घेऊन मोकळा झालो. त्यानं इंग्रजीत टाइप केलेला नऊ पानांचा करार ठेवला आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या मारून गेला.

सुमनला मी नावाचं सांगितलं नाही. तिचं नाव कूलरच्या डब्यावरून जाणार, एवढंच बोलायचं राहून गेलं. दोन दिवस करार गल्ल्याखाली ठेवला. अक्कांनी वाचला तर काही तरी खोट काढतील आणि ऑर्डर जाईल, ही भीती. तिसऱ्या दिवशी लुनाचा आवाज आला. अक्का आत आल्या, तार उलटी केली, वाचली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"कागद दखाड, भो."

"कुठला?"

"तू लपाडेल शे तो."

कसं कळलं कोण जाणे. मी काढून दिला. त्यांनी नऊही पानं वाचली. मग मला शेजारी बसवून सातव्या कलमावर बोट ठेवलं.

"इथे 'शॅल' लिहिलंय आणि इथे 'मे'. काय समजलास?"

"मे म्हणजे महिना ना? कूलरचा सीझन."

अक्का हसल्या नाहीत. "शॅल म्हणजे करायलाच पाहिजे. मे म्हणजे वाटलं तर. पाच वर्षं तू दुसऱ्या कुणाला कूलर विकायचा नाही, स्वतःच्या नावानं बनवायचा नाही, हे सगळं शॅल. आणि त्यांनी तुझे कूलर विकत घ्यायचे, ते मे."

शेडमध्ये कारागीर पत्रा ठोकत होता. मी त्याला थांबायला सांगितलं.

"म्हणजे त्यांनी एकही नाही घेतला तरी?"

"तरी तू पाच वर्षं बसून राहायचं."

माझा चेहरा उतरलेला बघून त्या म्हणाल्या, "माणूस वाईट नसेल. कागद त्याच्या वकिलानं केलाय, वकील आपल्या मालकाचंच बघणार. आपण जाऊ. बोलू."

पारोळा, एरंडोल करत एसटीनं आम्ही जळगावला गेलो. शेटजींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचे वकील बसले होते, तरुण, इस्त्रीचा शर्ट. समोर केळीच्या वेफर्सची बशी. मला वाटलं, पंधरा मिनिटांत निकाल लागेल.

अक्का म्हणाल्या, "माझ्या मालकाला इंग्रजी येत नाही. मी प्रत्येक कलम मराठीत सांगणार, त्याला समजलं की पुढे जाणार."

"सगळी नऊ पानं?" वकील म्हणाले.

"बठ्ठी."

आणि त्यांनी सुरुवात केली. पहिल्या दिवशी अडीच पानं झाली. प्रत्येक वाक्यानंतर मला विचारायच्या, "समजलं?" आणि मला समजलेलं नसायचं. बशी तीनदा भरून आली. पुढच्या आठवड्यात दुसरी बैठक. तेव्हा कुठे पाचवं पान संपलं. शेटजी सारखे त्यांच्या वकिलाकडे बघत होते. मला कारण कळेना. अक्कांना कळलं होतं.

"शेटजी, तुमच्या वकीलसाहेबांची फी कशी आहे?"

शेटजी म्हणाले, "बैठकीची."

वकिलांनी चष्मा पुसला.

"मग तुम्ही विचार करा. माले घाई नही. मी सालनी शे."

तिसऱ्या बैठकीला आम्ही पोचलो तेव्हा वकील नव्हतेच. शेटजी एकटे होते आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, मला कूलर पाहिजेत, पुस्तक नको. तुम्हाला काय पाहिजे ते एका कागदावर सांगा."

अक्कांनी एका कागदावर सांगितलं. दर सीझनला अमुक कूलर शेटजी घेतील, नक्की घेतील, त्यावर त्यांचं नाव. बाकीचे आम्ही 'सुमन' नावानं कुणालाही विकू. एक पान, मराठीत. शेटजींनी दोनदा वाचलं, आकड्यावर थोडी घासाघीस केली आणि दोघांनी सह्या केल्या. निघताना ते म्हणाले, "बाई, माझंही सालाचं करता का?"

"नाही. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंना मी कशी राबू?"

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, की तुम्ही हे सालदारीचं कुठून काढलंत. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. एरंडोलला बस थांबली, सुटली.

मग म्हणाल्या, "आधी मीपण तारखेची, भेटीची फी घ्यायची. एक बाई होती, तिखट कांडायची चक्की चालवायची. तिला बँकेची नोटीस आली. माझ्याकडे आली की भेटीचे पैसे पडतात, म्हणून तिनं तीन आठवडे ती नोटीस तांदळाच्या डब्यात ठेवली. मुदत गेली, चक्की गेली. साधं एक उत्तर द्यायचं होतं, दहा ओळींचं. ती माझ्या दारावरून रोज बाजाराला जायची, सुभाष. रोज."



"माझा बाप सालदार होता," त्या पुढे म्हणाल्या. "मालकाच्या घरी कुणाचं डोकं दुखलं तरी त्याला माहीत असायचं. त्याला कधी कुणी विचारलं नाही, की कितला तास झाले. मला वाटलं, आपण तसं राहू."

शेडवर आल्यावर मी सुमनला सगळं खरं सांगितलं, नावाचंही. ती अर्धा दिवस माझ्याशी बोलली नाही. अक्कांना मात्र तिनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा बांधून पाठवला.

त्या सीझनला आम्ही आणखी दोन माणसं ठेवली. सुमनचं नाव डब्यांवर बसून साक्रीला, पिंपळनेरला गेलं. बाररूममधले दोन तरुण वकील गुपचूप अक्कांकडे येऊन विचारून गेले, की हे सालाचं कसं ठरवता. अक्कांनी त्यांना दिवसभर बसवून घेतलं. फी घेतली नाही, पण चहा त्यांच्याकडून.

मग आखाजी आली. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. शेड बंद होतं. आमच्या दारच्या निंबाला झोका होता, गल्लीतल्या सगळ्या पोरी त्यावर. घरात आमरस, पुरणपोळ्या. अकराच्या उन्हात लुना थांबली.

"साल ठरवायला आले," अक्का म्हणाल्या. कोट हँडललाच होता.

साल ठरलं, दोन मिनिटांत. सुमननं पाणी दिलं आणि विचारलं, "आता कुठे जाशात, अक्का?"

"अजून चार मालक बाकी शेतस."

"कोणते?"

अक्कांनी नावं सांगितली. छापखाना, सायकलवाला, असे. सुमन माझ्याकडे बघू लागली. त्या दिवशी धुळ्यात ही चारही दुकानं बंद होती आणि हे आमच्यापेक्षा अक्कांना जास्त ठाऊक होतं. चौघेही आपापल्या घरी लेकी-जावयांत बसलेले असणार. त्यांच्या दारी त्या जाणार नव्हत्या. बंद शटरांपुढून लुना फिरवून, ऊन उतरलं की आपल्या एका खोलीत एकट्या परत जाणार होत्या.

"जेवाले बठा," सुमन म्हणाली.

"नको, उशीर व्हई."

"बठा."

सुमन जेव्हा असं म्हणते तेव्हा मीसुद्धा बसतो. अक्का बसल्या. पहिली वाटी घाईत खाल्ली, दुसरी सावकाश. तिसरी सुमननं न विचारता वाढली. मग भिंतीला टेकून त्या बाहेरची गाणी ऐकत राहिल्या, मध्येच एका ओळीला ओठ हलले. सुमननं उशी आणून ठेवली. "घडीभर पाठ टेका, मग जा."

अक्का आडव्या झाल्या आणि बोलता बोलताच झोपल्या. घोरत होत्या, चांगल्या दणक्यात. पोरं हसायला लागली, तशी सुमननं त्यांना दाराबाहेर काढलं. झोक्यावरच्या पोरींनाही जाऊन सांगून आली, की जरा हळू म्हणा, घरात कुणी निजलंय.

उन्हं निंबाच्या पार गेली तेव्हा त्या दचकून उठल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या अभ्र्याचे वळ. क्षणभर त्यांना कळलंच नाही आपण कुठे आहोत.

"कितला वाजनात? माले कोणी उठाडं का नही?"

सुमन परातीत कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"माहेरमा कोणी उठाडस का, अक्का?"

अक्कांनी पदरानं चेहरा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग उठून मोरीवर गेल्या, हात धुतले आणि सुमनच्या शेजारी बसून परात आपल्याकडे ओढली.