बाईंना बढती का मिळाली नाही

आमच्या ऑफिसातल्या गायकवाडबाई भर जानेवारीत खिडकी उघडायच्या. उघडायच्या म्हणजे उठून, अख्ख्या सेक्शनकडे एकदा जळजळीत बघून, धाडकन. आमचं ऑफिस पुण्यात खडकीला; तिथला गारठा आत घुसायचा आणि मफलर, कानटोपी घातलेले आमचे पुरुष सहकारी कुरकुरायचे.

"ज्यांना सोसत नाही त्यांनी घरी रजई पांघरून बसावं. नोंद घ्यावी," असं म्हणून बाई पदराने मान पुसत फाइलीत डोकं घालायच्या.

'नोंद घ्यावी' हे त्यांचं पालुपद. चहा पाणचट आहे, नोंद घ्यावी. साहेब आजही उशिरा आले, नोंद घ्यावी. पन्नाशीला टेकलेल्या, कामात चोख, जिभेने तिखट. पाठीमागे सगळे त्यांना 'भट्टी' म्हणायचे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नोकरीत नवी. मीही म्हणायचे.

मग ऑफिसात संगणक आले. चार यंत्रं, त्यांच्यासाठी काचेची खोली आणि त्या खोलीत ऑफिसातला एकुलता एक एसी. साहेबांच्या केबिनलाही नव्हता. देवळात जावं तसे लोक चपला काढून आत जायचे. प्रशिक्षणासाठी नावं मागवली, तर पहिलं नाव गायकवाडबाईंचं.

साहेब हसले. "बाई, आता या वयात कशाला? तरुणांना शिकू द्या की."

"साहेब, माझी पाळी जायला आलीय," बाई सगळ्या सेक्शनसमोर म्हणाल्या. "दिवसातून दहा वेळा अंगातून वाफा निघतात. झोप लागत नाही. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरातली संप्रेरकं कमी होतात, म्हणून असं होतं. आजार नाही. सुती कपडे घाला, चहा कमी करा, रोज चाला, गार जागी बसा. आता ऑफिसात गार जागा एकच, तीही यंत्रांची. नोंद घ्यावी."

साहेब पेपरवेट फिरवत बसले. कुणीतरी उगाच खोकलं. सही मात्र झाली.

आत गारव्याला गेलेल्या बाई संगणक असा शिकल्या, की चार महिन्यांत कुठे अडलं की सगळे त्यांनाच हाका मारू लागले. आमच्याच सेक्शनातल्या कुलकर्ण्यांना तर माउस कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं.

वर्षअखेरीला संगणक कक्षाचे प्रमुख कुलकर्णी झाले. बाईंच्या गोपनीय अहवालातला साहेबांचा शेरा त्यांना लेखी कळवण्यात आला: 'स्वभाव चिडका. प्रकृतीच्या तक्रारी. जबाबदारीच्या पदास योग्य नाही.'

दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "बाई, चारचौघांत ते सांगायची काय गरज होती? तुम्हीच त्यांच्या हातात कोलीत दिलंत."

बाईंनी पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"माझी आई बांधकामावर मजुरी करायची," त्या म्हणाल्या. "पंचेचाळिशीनंतर थंडीतसुद्धा मोरीतल्या ओल्या फरशीवर जाऊन बसायला लागली. मध्येच रडायची, अंगावर धावून यायची. शेजारी म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. आमचं घर बौद्ध. असलं काही आम्ही मानत नव्हतो. म्हणून मी म्हणाले, वेड लागलंय. मॅट्रिक झाले होते ना, घरातली शहाणी मीच. पाहुणे आले की तिला आत घालून बाहेरून कडी लावायचे. ती दारामागून विचारायची, 'पोरी, मी काय केलं गं?'"

बाईंनी पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"त्यातच गेली. आणि डॉक्टरीणबाईंना सगळं समजावून सांगायला किती वेळ लागला, सांगू? दहा मिनिटं. आईला सांगणारं कुणी नव्हतं. मला सांगितलं, मी आता गप्प बसू?"

डबा तसाच भरलेला होता. तो उचलून त्या बाथरूममध्ये धुवायला गेल्या. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.