वकील हैबतराव पारखून जेवीत त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष आहे, पाहिले तितुकेच सांगतो, पदरचे घालीत नाही. शके सोळाशे एक्क्याण्णव, विरोधी नाम संवत्सर. नावच विरोधी, तेथे घरात गोडी कोठून. आमचे धाकटे दीर हैबतराव राज्याचे वकील होऊन नदीपल्याडच्या दरबारी राहिले, धन्याचा शब्द तिकडे नेला आणि तिकडचा इकडे आणिला, दोन लढाया जिभेवर थोपविल्या आणि केस पिकले तेव्हा मानाची वस्त्रे घेऊन घरी आले. मग पहिल्याच दिवशी पान वाढले तो हात घालीनात. पुरुषांमागून बायकांनी जेवावे ही घरची रीत, ती मोडून आम्हांस समोर बसविले, आणि आम्ही घास घेतला मग त्यांनी घेतला. रोज हेच. लोक म्हणत, परदरबारी विषाचे भय, यजमानाने खाल्ल्याविना वकील खात नाही, सवय जडली. परंतु आमचे चुलीवर विष शिजते काय? आम्ही मनी गाठ मारिली.

तशात पल्याडच्या सरदाराने आमची नात सगुणा हिस मागणी घातली, आणि ती आणिली हैबतरावांनीच. मुलगा गुणी, घर थोर, ऐसे गोड बोलिले. आम्हांस वाटले, तिकडचे मीठ फार खाल्ले, आता आमची पोर देऊन उतराई होतो. सरदाराचा कारभारी पेढ्यांचे तबक घेऊन सदरेस बसला, त्यास उद्या सांगू म्हटले आणि जेवते वेळी दिरास विचारिले, "भाऊजी, माझ्या हातचे तुम्ही पारखून खाता, मग तुमचा शब्द मी न पारखता कैसा घेऊ?"

ते म्हणाले, "वहिनी, विषासाठी नाही थांबत. दादा गेले तेव्हापासून तुम्ही सर्वांमागून भांड्याची खरवड खाता, हे सुनेने सांगितले. म्हणून थांबतो."

बोलणे गोड. वकीलच तो. मग दुसरे दिवशी त्यांचे पान वाढिले आणि म्हटले, आज आम्ही आत जेवून आलो. साफ थाप होती. विषाचे भय असते तर त्यांनी आणखी एकास जेववून पाहिले असते. हैबतरावांनी "बरे जाहले" म्हटले आणि पोटभर जेविले, वर ताकही मागितले.

मग संध्याकाळी आम्ही सदरेस गेलो, सोयरीक कबूल केली आणि पहिला पेढा तोंडात घातला. दिवसभर उपाशी होतो, म्हणून दुसराही घेतला.

तात्पर्य, जन्मभर दरबार पारखिले त्या वकिलास भावजयीची थाप कळली नाही. कळली असेल तरी बोलिले नाहीत. हकीकत इतकीच.