मास्तरांच्या वहीतला लाजरा

या, जरा अशा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगायची मला अजून लाज वाटते. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. जिथे घातलं असेल तिथे आमची ही आतून खाकरेल, म्हणजे तुम्ही समजून घ्या.

थंडी सरली, झाडांना पालवी फुटली, आणि एका सकाळी मी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं, "आठ दिवसांत मास्तरांना घराबाहेर काढतो, बघ तू."

"स्वतःचे दात बसवायला जायला तुम्हाला तीन आठवडे जमलेलं नाही," ती म्हणाली, "आणि निघालात दुसऱ्याला बाहेर काढायला."

मास्तर म्हणजे आमचे भिंतीला भिंत शेजारी. शाळेत शास्त्र शिकवायचे. पण त्यांचं खरं काम वसंतातलं. एकतीस वर्षं रोज सकाळी ते आणि बाई, म्हणजे त्यांची बायको, ओढ्याकाठी पक्षी ऐकायला जायचे. मास्तर डोळे मिटून नाव सांगायचे, बाई वहीत लिहायच्या. तारीख, वेळ, वारा कुठून, पक्षी कोणता. निळ्या कापडी बांधणीची वही. शेवटच्या पानावर सगळ्या पक्ष्यांची यादी आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. एकच ओळ कोरी. त्या पक्ष्याचं पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, बाई त्याला नुसतं लाजरा म्हणायच्या. दिसत नाही कुणाला, गवतात दडून शीळ घालतो, दोन लांब आणि एक आखूड. एकतीस वर्षांत त्यांना तो एकदाही ऐकू आला नव्हता.

ऐन थंडीत बाई गेल्या. तेव्हापासून मास्तर खुर्चीत. पडदे ओढलेले, बूट कोपऱ्यात, वही कपाटात. हिने डबा नेला तर म्हणायचे, "वहिनी, ठेवा तिथे." संध्याकाळी डबा तिथेच असायचा.

मी काय केलं, सरळ त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, मला चिमणी आणि कावळा एवढेच पक्षी ओळखता येतात. असा अडाणी मरू देणार का मला?"

मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. मग म्हणाले, "चिमणी नक्की ओळखता का?"

तेवढ्यावर काम झालं. पुढच्या सकाळी बूट कोपऱ्यातून बाहेर. पहिले दोन दिवस ते माझ्याबरोबर नुसते चालले. वही काखेत, पण उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मी नवी कवळी लावून गेलो. वरची, अख्खी, आदल्याच संध्याकाळी बसवलेली. ओढ्याकाठच्या सपाट दगडावर आम्ही बसलो. ऊन कोवळं, पाणी खळखळतंय, गवतात इवली पिवळी फुलं. मी थर्मासमधला चहा ओतला, पाव काढला, आणि अशा वेळी मला राहवत नाही, देवाचं एखादं पद आपोआप ओठांवर येतं. मोठ्याने नाही हो, आपलं तोंडातल्या तोंडात. काठीने दगडावर हलकासा ताल.

एकदम मास्तरांनी माझा दंड धरला.

"शेजारी," ते कुजबुजले, "ऐकलंत?"

आता माझी एक अडचण सांगतो. बारीक, उंच आवाज मला ऐकू येत नाहीत. दारावरची घंटा येते, शिट्टी येत नाही. पण एवढ्या मिनतवारीने बाहेर काढलेल्या माणसाला "नाही" कसं म्हणायचं? मी डोळे मिटून मान डोलावली.

"दोन लांब, एक आखूड," मास्तर म्हणाले. चेहरा असा, जणू कुणी आतून दिवा लावला. त्यांनी वही उघडली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं, चांगल्या चार-पाच ओळी. मी वाकून पाहायला गेलो तर वही छातीशी.

"दाखवा की."

"नवीन विद्यार्थ्याला वही दाखवत नाहीत."

परत येताना मी बेकरीत शिरलो. पाव घ्यायचा होता एवढंच. पण बेकरीवाल्याने विचारलं, "काका, आज स्वारी खुशीत?" आणि माझ्या पोटात काही राहत नाही. एकतीस वर्षं, कोरी ओळ, लाजरा, सगळं सांगितलं. बेकरीवाल्याच्या पोटात तर माझ्याहून कमी राहतं. दुसऱ्या सकाळी ओढ्याकाठी सात माणसं. तिसऱ्या सकाळी एकवीस, कुणाकडे दुर्बीण, कुणाकडे सतरंजी, आणि बेकरीवाला गरम पावांची टोपली घेऊन.

"कशाला सांगितलंत सगळ्यांना?" मास्तर म्हणाले. रागावले असावेत असं वाटलं, पण मिशीत काहीतरी हलत होतं.

गंमत म्हणजे लाजरा रोज यायचा. मी चहा ओतला, जरा सुखावलो, गुणगुणायला लागलो की सगळी माणसं पुतळ्यासारखी थबकायची. बोटं ओठांवर. मीही थबकायचो, ऐकावं म्हणून गाणं थांबवायचो, तर तोही थांबायचा. काय नशीब, मला वाटायचं, मी कान दिला की हा गप्प! आणि मास्तर मला कोपराने ढोसायचे, "शेजारी, आज चहा नाही का?"

शुक्रवारी मी घरात बूट पुसत बसलो होतो. पद चाललेलंच होतं. स्वयंपाकघरातून ही आली, हातात चिकटपट्टी.

"चार दिवस झाले, मी खिडक्यांच्या फटी बुजवतेय," ती म्हणाली. "वारा शीळ घालतोय म्हणून. आता सगळ्या बुजल्या, तरी..." आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "अहो, पुन्हा गा बरं."

मी गायलो.

"थांबा." मी थांबलो. "गा." मी गायलो.

ती हळूच स्टुलावर बसली. "दोन लांब," ती म्हणाली, "आणि एक आखूड."

बूट हातातून पडला. डोळ्यांपुढे एकवीस माणसं आली, दुर्बिणी आल्या, गरम पाव आले. आणि मास्तरांचा तो चेहरा. ज्या ओळीसाठी त्या बाई एकतीस वर्षं थांबल्या, ती ओळ मी माझ्या कवळीने भरली होती!

"जाऊन सांगा मास्तरभाऊजींना. आत्ता."

"आणि ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले तर?"

ती चिकटपट्टी गुंडाळू लागली. तेवढ्यात दारात बेकरीवाला. "काका, बातमी! रविवारी रेडिओवाल्या बाई येतायत, माईक घेऊन. लाजरा सगळ्यांना ऐकवणार!"

शनिवारी मी तापाचं सोंग घेऊन पडून राहिलो. त्या दिवशी म्हणे लाजरा आला नाही. लोक म्हणाले, उद्या नक्की येईल.

रविवारी मी ठरवलं, देवावर हवाला. कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. पक्षी आला नाही तर लोक कंटाळून जातील, मास्तरांचा आनंद तेवढा राहील. ओढ्याकाठी साठ माणसं होती. रेडिओवाल्या बाईंनी माईक गवतात खोचला. सगळे श्वास रोखून बसले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. एक बेडूक तेवढा बोलला.

अर्ध्या तासाने चुळबूज सुरू झाली. मग मागून बेकरीवाल्याचा आवाज आला, हळू म्हणून बोललेला, पण मलाही ऐकू येण्याइतका. "वय झालं हो मास्तरांचं. कान गेले असतील. भास होत असतील बिचाऱ्यांना, बाई गेल्यापासून. त्यांचं ऐकून आपल्यालाही झाला."

तुम्हीच सांगा, ज्या कानांनी एकतीस वर्षं काढली ते कान माझ्या खिशातल्या दातांमुळे खोटे ठरायचे? मी पाठ वळवली, कवळी बसवली आणि उठून उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हणालो, "मास्तरांच्या कानांना काही झालेलं नाही. तो पक्षी मी आहे."

बेडूकसुद्धा गप्प. मग मी डोळे मिटले आणि सगळं पद म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. डोळे उघडले तेव्हा साठ तोंडं उघडी होती आणि बेकरीवाल्याच्या हातातली टोपली कलंडून पाव ओढ्यात चालले होते.

"बापरे," रेडिओवाल्या बाई म्हणाल्या. "आजोबा, पुन्हा एकदा म्हणता का? माईकच्या जरा जवळ."

मास्तरांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पण आवाज आला, आणि तो हसण्याचा होता. मास्तरांच्या बाई गेल्यापासून त्यांचं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले ते, मग वही उघडून माझ्या हातात दिली. मी कवळी लावून गेलो होतो त्या पहिल्या सकाळचं पान. मी वाचलं:

"ओढ्याकाठी, सपाट दगडावर. वारा नाही. शेजारी, नर, वय साठीच्या पुढे, रंग करडा. वरचे दात नवीन. खाणं चहा आणि पाव. ताल सोडत नाही, दर तिसऱ्या ओळीला ध्रुवपदावर परत येतो. लाजरा असं करत नाही. माणसाळलेला. उद्या पुन्हा ऐकायचा."

"म्हणजे पहिल्याच दिवशी..." मी पान पुन्हा वाचलं.

"एकतीस वर्षं ऐकतोय, शेजारी. पक्षी काठीने ताल धरत नाहीत."

"मग सांगितलं का नाहीत?"

मास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "सांगितलं असतं तर तुम्ही गायचं थांबवलं असतं. आमची ही पण वहीत लिहिताना गुणगुणायची," ते म्हणाले. "चहा राहिलाय का थोडा?"

मी शेवटचं पान उलटून पाहिलं. लाजऱ्यापुढची ओळ कोरीच होती.

रेडिओवर मी तीन वेळा लागलो. कवळी बसवणारी डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, आणा, पाच मिनिटांत घासून देते, शीळ जाईल." मी म्हटलं, वसंत संपल्यावर बघू. आता तीन वसंत झाले, अजून बघतोय. मास्तर रोज सकाळी बूट घालून माझ्या दाराशी उभे असतात, आणि आता वहीत मी लिहितो. अक्षर वाईट आहे म्हणून बोलणी खातो.

तर मंडळी, एवढंच मागणं. कधी वसंतात पाण्याकाठी बसला असाल आणि गवतातून दोन लांब, एक आखूड अशी शीळ आली, तर क्षणभर हातातला चहा खाली ठेवा आणि ती ओळ कोरी सोडून गेलेल्या त्या बाईंची आठवण काढा. त्यांना बरं वाटेल. फक्त त्याआधी शेजारी कोण बसलंय आणि त्याचे दात कुठले आहेत, एवढं मात्र बघून घ्या.